वाचकांचे प्रश्न : एल्फची पडकी समाधी आणि मधली वर्षं

गेल्या अंकात ‘गोष्टीतली पडकी जागा’ या विषयावर पत्रं मागवली होती. त्यांतली पाच पत्रं एकाच जागी येऊन थांबली, ती म्हणजे एल्फची जुनी, पडकी समाधी. कोणी खेळासाठी विचारलंय, कोणी कादंबरीसाठी, एका मुलीने चित्रासाठी. म्हणून या वेळचं सदर त्या समाधीलाच दिलं आहे. एल्फ म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या कथांमधून आलेली, माणसासारखी दिसणारी पण माणसाहून कितीतरी जास्त जगणारी जमात. आजच्या काल्पनिक जगांच्या गोष्टींत आणि खेळांत ती हमखास भेटते.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नाशिकच्या सिडकोत राहतो. दर शनिवारी आम्ही पाच जण टेबलावर रोल-प्लेइंग गेम खेळतो, मी गेम मास्टर असतो, म्हणजे जागा आणि गोष्ट रचून बाकीच्यांना त्यात फिरवणारा. मागच्या महिन्यात मी एल्फची एक प्राचीन समाधी रचली. पांढरा संगमरवर, वेली, दारावर कोडं, आत भाले सुटणारे चाप, शेवटी तलवार. दोन तासांत सगळे मोबाइल बघायला लागले. एक जण म्हणाला, ‘ही जागा आपण आधी कुठेतरी पाहिलीय.’ सोबत नकाशे पाठवतोय. कुठे चुकलं?

उत्तर : नकाशे पाठवलेस ते बरं केलंस. दालनांची मापं एकमेकांना जुळतात, जिन्याची चढण बरोबर आहे. एवढी काळजी सहसा कोणी घेत नाही. पण तुझी समाधी जुनी वाटत नाही. तू ती बांधलीस आणि लगेच मोडलीस. बांधणारे एल्फ गेले आणि तुझे खेळाडू मशाल घेऊन आत आले, यांच्या मधली हजार वर्षं तुझ्या वहीत कोरी आहेत. जागेला जुनेपण येतं ते त्या मधल्या वर्षांमुळे.

मी बावीस वर्षं जुन्या देवळांची, वाड्यांची, बारवांची मोजमापं घेऊन नकाशे काढले. नव्या जागी गेले की कळसाकडे नंतर बघायचे, आधी पायरी बघायचे. पायरीवर आडवी दोरी ताणायची आणि दोरीखाली किती बोटं जातात ते पाहायचं. एका खेड्यातल्या देवळात सभामंडपाची शेवटची पायरी दोन बोटं झिजलेली होती, आणि तो खळगा मधोमध नव्हता, उजवीकडे सरकलेला होता. कारण कळेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने उजव्या खांबाला हात लावला, अंग सावरलं आणि खांबाच्या कडेकडेनेच वर चढली. मग मी खांबाकडे पाहिलं. खांद्याच्या उंचीला एक तळहाताएवढा पट्टा तेल लावल्यासारखा काळा, गुळगुळीत होता. किती पिढ्यांच्या म्हाताऱ्यांनी त्याच ठिकाणी हात ठेवला असेल. दोन वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा जीर्णोद्धार झाला होता. पायरीवर चकचकीत ग्रॅनाइट, खांबाला ऑइलपेंट. मी त्या ग्रॅनाइटवर बसून रडले. देऊळ जागेवर होतं, पण त्या सगळ्या म्हाताऱ्या पुसून टाकल्या होत्या.

आता तुझ्या समाधीची पायरी घे. एल्फ हलक्या पावलांचे, बर्फावरून गेले तरी ठसा उमटत नाही असं तू तुझ्या नियमांत लिहिलंयस. मग पायरी झिजली असेल तर ती कोणामुळे? कोणीतरी जड पावलांचं इथे शेकडो वर्षं येत होतं. हे तू सांगू नकोस. फक्त पायरी झिजलेली आहे आणि खळगा एका बाजूला आहे, एवढंच बोल आणि गप्प बस.

येत्या रविवारी सकाळी मित्रांना घेऊन पांडवलेण्यांवर जा, तुला जवळच आहे. वर चढलात की चोवीस लेण्यांची रांग लागते. तिसऱ्या लेण्यापुढे थांबा. ओसरीच्या खाली कातळातून अर्धे वर आलेले दांडगे गण दिसतील. त्यांच्या खांद्यांवर लाकडाच्या तुळयांसारखे दगडी दांडे आहेत, जणू अख्खं लेणं पालखीसारखं उचलून ते निघालेत. आत ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावी राज्यावर असताना, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी हे लेणं भिक्षूंना दिलं. गेलेल्या मुलाचे पराक्रम आईने ओळीमागून ओळ दगडात मांडून ठेवलेत. मी तो लेख पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा मला त्यातल्या राजापेक्षा ती आईच जास्त दिसली.

आणि एवढं सगळं भिंतीवर लिहून ठेवलेलं असताना नाव काय पडलं? पांडवलेणी. माझी आजी सांगायची, वनवासात पांडवांनी एका रात्रीत कोरली. बलश्रीचं नाव तिच्या कानावर कधी आलंच नव्हतं. लोक विसरभोळे होते असं नाही, लिपी वाचणारे संपले होते. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी उलगडली, तोवर कित्येक शतकं भिंत बोलत होती आणि समोर उभ्या माणसाला ऐकू येत नव्हतं. मधल्या काळात माणसांनी डोंगराला आपल्या ओळखीची गोष्ट दिली. युरोपातही तेच झालं. रोमन लोकांनी बांधलेल्या दगडी इमारती पडल्या, आणि पुढे लाकडी घरांत राहणारे जुने इंग्रज कवी त्यांना राक्षसांची कामं म्हणू लागले.

म्हणून तुझ्या समाधीला आधी एक चुकीचं नाव दे. तिच्या पायथ्याशी एक खेडं वसव. तिथले लोक तिला एल्फची समाधी म्हणत नसतील. ‘सातबहिणी’ म्हणत असतील, कारण बाहेर सात खांब उभे आहेत. खेळाडू खेड्यात शिरतील तेव्हा विहिरीच्या काठावर बायका धुणं धूत असतील, आणि विहिरीच्या पायरीचा दगड कोरीव असेल, त्यावर अर्धं पान आणि एका हाताची तीन लांबसडक बोटं. म्हणजे बहिणी मुळात सात नव्हत्याच, नऊ होत्या. दोन खांब विहिरीत गेले. पडझडीतला निम्मा दगड वारा-पावसाने पडत नाही, तो माणसं घेऊन जातात. घराच्या जोत्याला, गोठ्याला, बांधाला. अंजनेरीच्या पायथ्याशी जुन्या देवळांचे अवशेष आहेत, तिथेही एकदा जाऊन ये. देवळाबरोबरच गावातल्या भिंतींकडेही बघ.

संगमरवर मात्र सोड. तुझ्या नकाशातला डोंगर तूच काळ्या कातळाचा लिहिलायस, मग पांढरा दगड कुठून आणला? इतक्या लांबून आणला असेल तर ती स्वतंत्र गोष्ट आहे, तीही सांगावी लागेल. आपला बेसाल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, काय करतो ते पाहा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेल्या क्षारांचे स्फटिक वाढले. झिओलाइट म्हणतात त्यांना. नाशिक-सिन्नरच्या परिसरातले हे स्फटिक जगभरातल्या संग्रहालयांत आहेत, सिन्नरला गारगोटी संग्रहालयात जवळून बघता येतात. बाहेरून दगड ओबडधोबड, काळा. फोडला की आत मोरपिसाच्या देठाएवढ्या पांढऱ्या सुया किंवा फिकट हिरवे खडे. कल्पना कर, एल्फांनी समाधीचं दालन खोदताना अशा पोकळ्या मुद्दाम न फोडता ठेवल्या, फक्त तोंड उघडं केलं. मशाल आत आली की भिंतीत ठिकठिकाणी चमकतं. आणि काही पोकळ्या रिकाम्या, कडेला छिन्नीचे घाव. ते घाव एल्फांच्या छिन्नीचे नाहीत, फार बोथट आहेत. पुन्हा तेच, मधे कोणीतरी येऊन गेलं.

चाप आणि भाले एखाददुसरे ठेव. हजार पावसाळ्यांनंतर चालू असतील असे नकोत. गंजून अर्धे सुटलेले, आणि त्यात आधीच कोणीतरी अडकलेलं. त्याच्या कमरेची पिशवी खेड्यातल्या विणीची असू दे.

प्रश्न : मी देवळाली कॅम्पला शाळेत शिकवते. सातवी-आठवीच्या मुलांसाठी एक दीर्घकथा लिहिते आहे. त्यात एल्फची समाधी आहे. एका विद्यार्थ्याने वाचून विचारलं, ‘बाई, एल्फ मरतच नाहीत ना? मग समाधी कोणाची?’ मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : बाई, तुमच्या विद्यार्थ्याने योग्य जागी बोट ठेवलं. या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत, एक इतिहासातलं आणि एक तुमच्या गोष्टीला उपयोगी पडेल असं.

इतिहासातलं आधी. एल्फ आणि थडगी यांचं नातं फार जुनं आहे, आजच्या गोष्टींनी ते लावलेलं नाही. नॉर्वे-आइसलँडकडे त्यांना ‘आल्फर’ म्हणत. एका आइसलँडिक सागात, म्हणजे तिकडच्या जुन्या गद्यकथेत, जखमी माणसाला सल्ला मिळतो, की जवळच्या टेकाडात आल्फर राहतात, त्यावर बैलाचं रक्त शिंपड आणि मांसाचा नैवेद्य दाखव, बरा होशील. नॉर्वेचा एक राजा ओलाफ मेल्यावर मोठ्या टेकाडाखाली पुरला गेला, आणि लोक पीक चांगलं यावं म्हणून त्याच्यापुढे बळी देऊ लागले. त्याचं नावच पडलं गाइरस्टाडचा आल्फ. म्हणजे पुरलेला पूर्वज आणि टेकाडातला एल्फ यांच्यातली रेघ तिकडे पुसट होती. आपल्याकडच्या शेताच्या बांधावरचा वीर किंवा म्हसोबा आठवा, म्हणजे तो नैवेद्य अनोळखी वाटणार नाही.

आयर्लंडमध्ये तर याहून ठळक. बॉइन नदीच्या काठी न्यूग्रेंज नावाचं प्रचंड टेकाड आहे, इसवीसनापूर्वी ३२०० च्या सुमाराला बांधलेलं. आत एकोणीस मीटरचा अरुंद दगडी बोळ आणि शेवटी दालन. दारावर एक झरोका आहे. डिसेंबरातल्या सगळ्यांत लहान दिवशी सूर्य उगवला की त्या झरोक्यातून किरण सरळ आतल्या दालनापर्यंत जातो आणि साधारण सतरा मिनिटं तिथे उजेड असतो. मायकेल ओकेली या पुरातत्त्वज्ञाने १९६७ साली आत उभं राहून तो पाहिला. आता बघा, ज्यांनी हे बांधलं ते शेतकरी कधीच विस्मरणात गेले. पुढच्या काळातल्या आयरिश लोकांनी ठरवलं, की इथे दिव्य जमात राहते, टेकाडांच्या आत. त्याच काळात कधीतरी कोणीतरी दारापाशी रोमन नाणी आणि सोन्याचे दागिने वाहून गेलं. आणि १६९९ साली जमीनमालकाच्या गड्यांना दगड हवे होते म्हणून त्यांनी टेकाड उकरायला घेतलं, तेव्हा दार सापडलं. वरच्या पत्रात मी खेड्यातल्या विहिरीचं लिहिलं, ते मनातलं आहे. हे खरं घडलेलं आहे.

आता तुमच्या गोष्टीचं. माझं म्हणणं, एल्फ मरतात, पण फार क्वचित. आजाराने नाही, म्हातारपणाने नाही. कधी घावाने, कधी पाण्यात बुडून. तुमच्या गोष्टीत तसं धरलंत तर किती तरी दारं उघडतात. ज्या लोकांत मरण नेमाने येत नाही, त्यांना मरणाची सवय नसते. आपण नाशिकची माणसं. रामकुंडावर कोणत्याही दिवशी सकाळी जा, कुठून कुठून अस्थी घेऊन लोक आलेले असतात. दहावं, पिंड, कावळा शिवण्याची वाट बघत ताटकळलेली मंडळी, तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्यांमध्ये शोधायचं आजोबा-पणजोबांचं नाव. दुःख असतं, पण पुढे काय करायचं ते कोणीतरी सांगणारं असतं. दर्भ कुठे ठेवायचा, तोंड कुठल्या दिशेला, कोणी कुणाला शिवायचं. एल्फांकडे यातलं काहीच नसेल. त्यांच्या भाषेत ‘सुतक’ला शब्द नसेल. पहिल्यांदा कोणी गेलं तेव्हा ते देह घेऊन किती दिवस नुसते बसून राहिले असतील? मग त्यांनी जे बांधलं ते समाधीसारखं दिसणारच नाही. ते घरासारखं दिसेल. निजायची खोली, पाण्याचं टाकं, वाद्य ठेवायचा कोनाडा. त्यांना वाटलं असेल, हिला उठल्यावर लागेल.

पाण्याचं टाकं मी सहज लिहिलेलं नाही. पांडवलेण्यांच्या लेखांत लेण्याबरोबर ‘पोढी’ दिल्याचे उल्लेख येतात. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. राहायची जागा दिली की पाणी दिलंच पाहिजे, इतकी ती साधी गोष्ट होती.

याच्या पुढची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. तुम्ही लिहिलंय ‘प्राचीन समाधी’. प्राचीन कोणाला? समाधीला सहाशे वर्षं झाली असं धरा. पंचवीस वर्षांची एक पिढी म्हटली, तर खेड्यातल्या माणसांच्या चोवीस पिढ्या झाल्या. त्यांच्यासाठी ती जागा दंतकथा. पण जी गेली तिची बहीण अजून जिवंत असू शकते. ती दर वर्षी येते. तिला ते अवशेष दिसत नाहीत, धाकटीची खोली दिसते. गावकऱ्यांनी विहिरीला लावलेला दगड तिला ओळखता येतो, कारण त्यावरचं पान तिने स्वतः कोरलेलं आहे. ती विहिरीपाशी उभी राहते, पाणी भरणाऱ्या पोरीशी दोन शब्द बोलते आणि दगडाबद्दल काही बोलत नाही. पोरगी घरी जाऊन आईला सांगते, एक बाई आली होती, पायरीवर हात ठेवून बसली होती.

तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, समाधी धाकट्या बहिणीची आहे. बाकीचं त्याला वर्गात विचारू दे.

प्रश्न : मी नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये नोकरीला होतो, आता निवृत्त. जुनी नाणी जमवण्याचा नाद आहे. काल्पनिक जगाची कादंबरी लिहायला घेतली आहे. एल्फच्या समाधीत खजिना म्हणून काय ठेवावं? सोन्याच्या मोहरा लिहिताना माझंच मन भरत नाही.

उत्तर : तुमचं मन भरत नाही, कारण तुम्हाला नाणं वाचता येतं. मोहरांचा ढीग वाचता येत नाही. तुम्ही तर जोगलटेंभीजवळ राहता असंच म्हणायला हवं. १९०६ साली तिथे नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. वितळवून नवी पाडली नाहीत. नहपानाचा चेहरा खाली तसाच, त्यावर सातवाहनांची चिन्हं. युद्ध कोण जिंकलं हे तुम्ही तळहातावर घेऊन बघू शकता. तुमच्या एल्फच्या समाधीत मूठभरच नाणी ठेवा, पण त्यांच्यावर दोन ठसे असू देत, आणि खालचा ठसा वाचकाला अर्धाच दिसू दे.

दुसरं, मेलेल्याबरोबर लोक काय ठेवतात ते एकदा पाहा. जोर्वे संस्कृतीची माणसं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी गोदावरी-प्रवरा-भीमेच्या खोऱ्यांत राहत होती. आपल्या नाशिकच्या जुन्या गढीवरही १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि त्या काळापर्यंतचे थर मिळाले. ही माणसं लहान मुलं गेली की त्यांना गावाबाहेर नेत नसत. घराच्या जमिनीखालीच खड्डा करून दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, आत मूल. मोठ्या माणसांना पुरताना काही ठिकाणी, इनामगावला तर बऱ्याचदा, घोट्याखालची पावलं तोडलेली आढळली. गेलेल्याने उठून परत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एकाच घरात बाळाला पायाखाली जवळ ठेवायचं आणि बापाची पावलं काढून घ्यायची. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

तुमच्या कादंबरीत याचं उलट करून बघा. एल्फांनी गेलेल्याच्या पायांत नवे जोडे घातलेत, एकदाही न घातलेले, तळव्याला धूळ नाही. आणि समाधीचं दार आतून उघडता येईल असं बांधलंय. एवढा खजिना पुरे.

प्रश्न : एल्फला मराठीत यक्ष म्हणावं का? की गंधर्व? समाधी म्हणावं की कबर? (गंगापूर रोड)

उत्तर : एल्फला एल्फच म्हणा. यक्ष आपल्याकडे धनाचा राखणदार आहे, झाडापाण्याचा आहे, त्याचं पोट सुटलेलं असतं. गंधर्व शब्द उच्चारला की गाणं ऐकू येतं. त्यांना उसनं आणलंत तर एल्फही राहणार नाही आणि यक्षही. दुसऱ्या शब्दाचं मात्र बोलणाऱ्यावर ठरतं. एल्फ स्वतः बोलत असतील तर ‘घर’ किंवा ‘निजघर’. दुरून आलेला पंडित ‘समाधी’ म्हणेल. खेड्यातला गुराखी ‘थडगं’ म्हणेल, आणि संध्याकाळनंतर तेही म्हणणार नाही, ‘वरचं’ एवढंच म्हणेल. एकाच जागेला तीन तोंडांत तीन शब्द असू देत.

प्रश्न : मी चौथीत आहे. मी पंचवटीत राहते. मी एल्फच्या समाधीचं चित्र काढलं. त्यात मी दिवा काढला. दादा म्हणतो समाधी पडकी आहे, तिथे कोणी राहत नाही, मग दिवा कसा पेटलेला असेल? मी दिवा खोडू का?

उत्तर : खोडू नकोस, बाळा. दादाचा प्रश्न छान आहे आणि त्याचं उत्तर आहे.

पांडवलेण्यांत दहावं लेणं आहे. ते उषवदात नावाच्या माणसाने दिलं. नहपान राजाचा तो जावई. त्याने लेणं तर दिलंच, शिवाय तीन हजार कार्षापण ठेवले, म्हणजे त्या वेळची नाणी. ती त्याने भिक्षूंच्या हातात दिली नाहीत. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन संघांकडे ठेवली. गोवर्धन आजही आहे, गंगापूर रोडला, बाबांना विचार. त्यातले दोन हजार ज्या विणकरांकडे होते त्यांनी दर महिन्याला शेकडा एक व्याज द्यायचं. आता तू हिशोब कर. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. पावसाळ्यात त्या लेण्यात वीस भिक्षू राहायचे आणि प्रत्येकाला कपड्यासाठी बारा नाणी मिळायची. वीस बारं दोनशे चाळीस. बरोबर जुळलं ना? मूळ पैशाला हात लावायचा नाही, व्याजच वापरायचं, असं भिंतीवर कोरून ठेवलंय. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणायचे, न संपणारी ठेव.

तुझ्या एल्फांनीही असंच केलं असेल. जायच्या आधी त्यांनी खाली गावात कोणाकडे तरी ठेव ठेवली आणि सांगितलं, रोज एक दिवा लावा. एल्फ गेले. समाधीचं छप्पर पडलं. गावातली माणसं दिवा कोणासाठी लावतो ते विसरली. पण ज्या घराकडे ठेव आहे त्या घरातलं कोणीतरी रोज संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन वर जातं, कारण आई जायची, आणि तिची आई जायची.

तू चित्रात ती पायवाट काढ. गवतातून जाणारी, एका माणसापुरती. आणि कोपऱ्यात त्या घराची खिडकी काढ. घरात कोण कोण आहे, आज वर जायची पाळी कोणाची, आणि वातीसाठी कापूस कुठून आणतात, ते चित्राच्या मागे लिहून मला पाठव. दादालाही त्या घरात घे.